पहिल्यांदा कुठे जायचं आणि काय सांगायचं?

वाचकांचे प्रश्न : मनाचं आरोग्य

(उत्तरं देणाऱ्या ताई जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सामाजिक कार्यकर्त्या होत्या. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

प्रश्न : माझं वय 38. तालुक्याच्या गावी पतसंस्थेत क्लार्क आहे. मिस्टरांचं हार्डवेअरचं दुकान, घरात सासूबाई, मुलगी आठवीत. दिवाळीपासून मला पहाटे साडेतीनलाच जाग येते आणि छाती धडधडायला लागते. हातापायांना मुंग्या येतात, आता काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं. ईसीजी काढला, नॉर्मल आला. आमच्या डॉक्टरांनी आधी गॅसच्या गोळ्या दिल्या, मग रात्री अल्प्राझोलामची अर्धी गोळी. आता मेडिकलवाला ओळखीचा म्हणून चिठ्ठीशिवाय देतो आणि अर्धीची एक झाली आहे. कॅश मोजताना चुका होतात. कशातच जीव रमत नाही. मुलगी शाळेतलं सांगत असते आणि माझ्यापर्यंत काही पोचत नाही. सासूबाईंनी देवऋषीकडे नेलं, लिंबू उतरवून झाला. मनाच्या डॉक्टरांना दाखवावंसं वाटतं, पण गावात बोभाटा होईल. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात म्हणे. आणि खरंच मला एवढं काही झालंय का? बायका किती किती सोसतात.

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमचं पाऊल तिथेच अडलंय. एवढं काही झालंय का, हे ठरवणं तुमचं काम नाही. जे होतंय ते तपासणाऱ्यापर्यंत नेऊन सांगायचं, इतकंच तुमच्याकडे आहे. आमच्या ओपीडीत येणाऱ्या बायका खुर्चीत टेकता टेकता म्हणायच्या, "माझं काही विशेष नाही हो." मग मी विचारायची, "झोप कशी लागते?" आणि पदर डोळ्यांना लागायचा. बरोबर आणलेल्या पिशवीत ईसीजीच्या पट्ट्या, पोटाची सोनोग्राफी, मानेचा एक्स-रे, सगळं नॉर्मल. या सगळ्या तपासण्या करेपर्यंत दीड-दोन वर्षं गेलेली असायची. तुमचे काही महिनेच गेलेत. इथेच थांबवू या.

सोसण्याबद्दल मी एवढंच म्हणेन, की ज्या बायका सोसताना दिसतात त्यातल्या बऱ्याच जणी आजारी आहेत आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये देशभर मानसिक आरोग्याची पाहणी केली. नैराश्य असलेल्या दर 100 माणसांमधल्या सुमारे 85 जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. तुमच्या गल्लीतून कोणी या दवाखान्यात जाताना दिसत नाही, त्याचं कारण हे आहे.

आता सगळ्यात आधी त्या गोळीचं. अल्प्राझोलाम लगेच शांत करते, म्हणून ती आवडायला लागते. पण काही आठवडे रोज घेतली की शरीराला सवय लागते, मग अर्धीची एक होते आणि एकीची दोन. म्हणून ती चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. माझं पत्र वाचून उद्यापासून ती एकदम बंद मात्र करू नका. एकदम सोडली तर धडधड दुपटीने उसळते, झोप उडते, क्वचित फिटसुद्धा येते. आज जेवढी घेताय तेवढीच ठेवा, वाढवू नका, आणि डॉक्टरांना खरा आकडा सांगा. ते ती हळूहळू उतरवून देतील. मेडिकलवाल्याचं नाव सांगायची गरज नाही.

कुठे जायचं? "मनाचा दवाखाना" म्हटलं की लोकांना येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी अशी प्रादेशिक मनोरुग्णालयंच आठवतात आणि पोटात गोळा येतो. तुमच्या त्रासासाठी तिथवर जायची गरज नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा असते. इतरांसारखंच खिडकीवर केसपेपर काढायचा आणि "मानसोपचार" म्हणायचं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणीही येतं. तुमच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ते कोणत्या वारी येतं, हे तिथे फोन करून किंवा आशाताईंकडून कळेल. गावात नको असेल तर सरळ जिल्ह्याच्या गावी जा. खाजगीत जायचं असेल तर पाटीवर एम.डी. सायकियाट्री, डी.पी.एम. किंवा डी.एन.बी. सायकियाट्री असं पाहा. मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात, औषधं लिहून देत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी आहे का, हे बिनदिक्कत विचारा. तुमच्या बाबतीत गोळीचा प्रश्न आहे, म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञ.

बोभाट्याची भीती मी नाकारत नाही. आमच्या दाराबाहेर बाक रिकामा असायचा आणि शेजारच्या नेत्रविभागाच्या बाकावर आमचे पेशंट बसलेले असायचे, नाव पुकारलं की चटकन आत यायचे. मी कधी कोणाला तिथून उठवलं नाही. बसा तिथे बसायचं तर, पण आत या. तुमची माहिती मात्र कायद्याने तुमचीच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 प्रमाणे डॉक्टरांनी आणि रुग्णालयाने ती गुप्त ठेवायची असते. पतसंस्थेला तुमच्या परवानगीशिवाय ती मागता येत नाही. आरोग्य विमा असेल तर त्याच कायद्याने विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायचं आहे. पॉलिसी काढून एकदा वाचा.

सरकारी ओपीडीत गर्दी असते. डॉक्टरांसमोर तुम्हाला दहा-पंधरा मिनिटं मिळतील, कधी कमी. रडू आलं तर निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून कागदावर लिहून न्या. मी नमुना देते, यातलं जे तुमचं असेल ते ठेवा :

"दिवाळीपासून पहाटे साडेतीनला जाग येते, परत झोप लागत नाही. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, आठवड्यातून इतक्या वेळा. ईसीजी नॉर्मल. भूक कमी, वजन कमी झालं किंवा नाही. कामात चुका होतात. कशात मन लागत नाही. अल्प्राझोलाम अमुक मिलिग्रॅमची एक गोळी रोज रात्री, इतक्या महिन्यांपासून. दुसरी औषधं ही. पाळी नियमित किंवा अनियमित. माहेरी कोणाला असा त्रास होता किंवा नव्हता. मरणाचे विचार येतात किंवा येत नाहीत."

शेवटची ओळ गाळू नका. तुमच्या पत्रात तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून मी विचारते आहे. दवाखान्यातही विचारतील. नैराश्य मोजायला नऊ प्रश्नांची एक यादी सर्रास वापरतात, गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला असं त्यात विचारतात. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. होय म्हटलं म्हणून कोणी तुम्हाला डांबून ठेवत नाही. खरं सांगितलं तर कुठल्या गोष्टीची घाई करायची, ते डॉक्टरांना कळतं.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी-12 या तपासण्या सांगतील. त्या टाळू नका. थायरॉइडच्या गडबडीतही अशीच धडधड आणि अशीच मरगळ येते.

गोळ्यांचं जन्मभराचं भय बहुतेकांना असतं. नैराश्य आणि चिंतेवर साधारणपणे एसिटालोप्राम, सर्ट्रालिन या जातीची औषधं देतात. यांची अल्प्राझोलामसारखी चटक लागत नाही, आणि त्यांचा गुणही लगेच येत नाही. दोन-तीन आठवडे जातात, पुरता फरक पडायला सहा-आठ. पहिल्या आठवड्यात मात्र मळमळ, पोट बिघडणं, डोकं दुखणं, थोडी अस्वस्थता हे सगळं येऊ शकतं. नेमक्या इथेच लोक गोळ्या फेकून देतात, त्रास आहे आणि फायदा नाही म्हणून. त्या आठवड्यात डॉक्टरांना फोन करा, बंद करू नका. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवायला सांगतात, मग हळूहळू कमी करतात. ज्यांना हा आजार पुन्हा पुन्हा उलटतो त्यांना जास्त काळ लागतो. तुमच्याबाबतीत ते आज कोणीच सांगू शकणार नाही आणि आज त्याची काळजी करायचीही गरज नाही.

मिस्टरांना सांगताना सगळा इतिहास नको. दुकान बंद करून आले, जेवण झालं, की एवढंच : "अहो, मला बरेच दिवस झोप नाही, मला मोठ्या दवाखान्यात दाखवायचंय, मंगळवारी माझ्याबरोबर चला." वार सांगा. वार न सांगितलेली गोष्ट आपल्या घरांमध्ये पुढच्या महिन्यावर जाते. ते "टेन्शन घेऊ नको" म्हणाले तर वाद घालू नका, मंगळवारी एसटीने जा. मैत्रीण किंवा बहीण बरोबर चालेल. सासूबाईंनी लिंबू उतरवला तो मायेपोटी, त्यांच्याशी भांडण नको. त्यांचा उपास त्यांना करू दे, तुम्ही केसपेपर काढा.

प्रश्न : वय 24. गाव हिंगोली जिल्ह्यात. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतोय. पूर्व निघते, मुख्य राहते. जूनपासून अभ्यासिकेत जाणं बंद झालंय. दिवसभर कॉटवर, मेसचा डबा तसाच परत, रात्रभर मोबाईल. वडिलांना सांगतो अभ्यास चांगला चाललाय. त्यांनी सोयाबीनच्या पैशातून खर्च पाठवला. हा आळस आहे की आजार? कधी कधी वाटतं आपण नसलेलंच बरं. समुपदेशनाची फी मला परवडत नाही.

उत्तर : मुला, तुला अरेतुरे करते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे.

"आपण नसलेलंच बरं" हे तू आळसाच्या प्रश्नानंतर लिहिलंस. मी ते आधी घेते. हे वाचून झाल्यावर 14416 लाव. ही टेलिमानस सेवा आहे, केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू केली, चोवीस तास, फुकट. भाषा निवडायला सांगतात, मराठी निवड. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतात, गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. काय बोलायचं सुचलं नाही तर तुझ्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य वाचून दाखव. आज रात्री रूमवरच्या एका मुलाला सांग, "मला बरं वाटत नाहीये, मला एकटं सोडू नकोस." त्याला कारण सांगायची गरज नाही. विचार घट्ट होत असेल, कसं करायचं इथपर्यंत पोचत असेल, तर फोनवर थांबू नकोस, त्याच मुलाला घेऊन ससून रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा 112 लाव. अर्ध्या रात्रीही. "पोलीस केस होईल" या धाकाने मुलं गप्प बसतात. विचार येणं हा कधीच गुन्हा नव्हता. आणि ज्याने प्रयत्न केला तोही प्रचंड ताणाखाली होता असं 2017 च्या कायद्याने धरायचं आहे, शिक्षेऐवजी त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे.

आता आळस. आळशी माणसाला सिनेमाला जायला, मित्रांबरोबर चहा प्यायला, घरचा चिवडा खायला आवडतं. तुला आवडीचंही काही करवत नाहीये, डबासुद्धा परत जातोय. माझ्या अनुभवात हे आळसाचं चित्र नाही. आजाराचं नाव डॉक्टर ठेवतील.

पैशाचं. ससून सरकारी आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे, सकाळच्या ओपीडीत नाममात्र पैशात दाखवता येतं. सदाशिव पेठेतून बसने जवळच आहे. आधारकार्ड घे, सकाळी लवकर पोच. औषध दिलं तर एक गोष्ट लक्षात ठेव. पंचविशीच्या आतल्या काही मुलांमध्ये या औषधांच्या सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढू शकतात. म्हणून पहिल्या महिन्यातल्या भेटी चुकवायच्या नाहीत, आणि तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. औषध घाबरून टाळावं म्हणून हे सांगत नाहीये. तुझ्यावर कोणाची तरी नजर असायला हवी, म्हणून सांगतेय.

बोलण्याच्या उपचाराला फार मोठा डॉक्टरच लागतो असं नाही, हे गोव्यात सिद्ध झालंय. संगाथ नावाच्या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये साध्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर सहा ते आठ भेटींचा उपचार केला. त्याचे निकाल 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा ज्यांना या भेटी मिळाल्या त्यांच्यात बरं होणारे जास्त निघाले. त्या उपचाराचा गाभा असा, की मन उभारी धरेल तेव्हा कामाला लागू असं म्हणत बसायचं नाही. काम अगदी छोटं करून आधी करायचं, मनाची उभारी मागून येते. तुझ्यापुरतं सांगते. उद्या अभ्यासिका नको, पुस्तक नको. सकाळी आठला अंघोळ, खाली उतरून एक चहा, चतुःशृंगीपर्यंत नाही, नुसतं कोपऱ्यापर्यंत चालणं. डब्यातली एक पोळी. वहीत वेळ लिहून ठेव आणि केल्यावर खूण कर. परवा तेच. समुपदेशकांना ती वही दाखव.

वडिलांचा फोन ही तुझ्या छातीवरची सगळ्यात मोठी धोंड आहे. तो एका दमात पेलायचा नाही. रिझल्टचं, पैशाचं आज नको. "बाबा, माझी तब्येत बरी नाही, डॉक्टरांना दाखवतोय, काही दिवस घरी येऊ का?" एवढंच. शेतकरी बाप पीक गेल्याची बातमी ऐकायला सरावलेला असतो. मुलगा गेल्याची बातमी ऐकायला कोणताच बाप सरावत नाही. गावी गेलास तर हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात उपचार पुढे चालू ठेवता येतील, ससूनचे कागद नीट जपून ने. परीक्षा पुढच्या वर्षीही निघते. यंदाचा फॉर्म भरायचा की नाही, हा निर्णय बरं वाटल्यावर घे. आत्ता घेऊ नकोस.

आणि मला पुन्हा पत्र लिही. छापण्यासाठी नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, 69 वर्षांचा. पत्नी 64. मुलगा नोकरीसाठी कॅनडाला गेल्यापासून ती अबोल झाली आहे. भजनी मंडळ सोडलं. गुडघे दुखतात, डोकं जड वाटतं म्हणते. दूध उतू जातं, किल्ल्या सापडत नाहीत. मानसोपचाराचं नाव काढलं की "माझ्या डोक्याला काही झालेलं नाही" म्हणून आत निघून जाते. एकजण म्हणाले, गोळी चहातून द्या.

उत्तर : काका, चहातून गोळी देऊ नका. कळल्यावर त्या तुमच्या हातचं पाणीही घेणार नाहीत, आणि तो राग रास्तच असेल. शिवाय बीपी, साखरेच्या गोळ्यांबरोबर काय चालतं, हे न तपासता द्यायचं ते औषध नाही.

त्यांना जे दुखतंय तिथूनच सुरुवात करा. साठीनंतर नैराश्य पुष्कळदा उदास चेहऱ्याने येत नाही. गुडघे, डोकं, पाठ, भूक आणि विसराळूपणा अशा वाटेने येतं. तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे "गुडघ्यांसाठी आणि विसरायला होतंय म्हणून" चला म्हणा, ते खोटं नाही. आदल्या दिवशी तुम्ही एकटे जाऊन डॉक्टरांना बाकीचं सांगून या, भजन सोडल्याचंसुद्धा. थायरॉइड, बी-12, सोडियम, साखर, हिमोग्लोबिन बघायला सांगा, वयस्कर माणसांत यातल्या कशानेही विसरायला होऊ शकतं. विसरणं नैराश्यातून आहे की स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, हे वेगळं करायला पुढे मानसोपचारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ लागतील. तो सल्ला फॅमिली डॉक्टरांच्या तोंडून आला की त्या ऐकतील. तुमच्या पिढीत घरच्या डॉक्टरांचा शब्द नवऱ्याच्या शब्दापेक्षा जड असतो, हे मी फार घरांत पाहिलंय.

त्या तयार होईपर्यंत तुम्ही स्वतः मानसोपचाराच्या ओपीडीत किंवा 14416 वर विचारू शकता, घरच्या माणसांसाठीही ते आहे. मुलाला सांगा, रविवारच्या व्हिडिओ कॉलवर "आई, कशी आहेस" विचारून "बरी आहे" ऐकलं की फोन ठेवायचा नाही. "आज भाजी काय केलीस, मला कशी करायची सांग" असं काही विचारू दे, म्हणजे त्यांना बोलावं लागेल. भजनाला एकट्या जाणार नाहीत, तुम्ही दारापर्यंत सोडा आणि बाहेर थांबा.

एका गोष्टीला मात्र वाट पाहू नका. त्यांनी खाणंपिणं सोडलं, दिवसदिवस अंथरुणातून उठेनाशा झाल्या, किंवा "आता मला न्या" असं देवाला म्हणायला लागल्या, तर त्यांच्या होकारासाठी थांबायचं नाही. त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून बरोबर ठेवा.